शब्दांच्या याद्या आणि इंग्रजीची परीक्षा

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा उरकल्या, की आमच्या मिरज-सांगली परिसरातही आता आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या शिकवणी वर्गांचे फलक झळकू लागतात. परदेशी शिक्षणाचे वेध लागलेले अभियंते आणि परदेशी रुग्णालयांत नोकरी शोधणाऱ्या परिचारिका हे या वर्गांचे मुख्य गिऱ्हाईक. या वर्गांत पहिल्याच आठवड्यात हाती पडणारी वस्तू म्हणजे ‘बँड आठचे शब्द’ (बँड म्हणजे या परीक्षेतली श्रेणी) अशा मथळ्याची छापील यादी. डावीकडे साधा शब्द, उजवीकडे त्याचा ‘भारी’ पर्याय. आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीतही एक अवघड इंग्रजी शब्द आणि त्याचा मराठी अर्थ अशी चौकट अधूनमधून येते. महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलेला आणि निवृत्तीनंतरही अशा विद्यार्थ्यांचे निबंध तपासून देणारा शिक्षक या नात्याने मला असे वाटते, की अशा याद्यांनी विद्यार्थ्यांचे गुण वाढण्याऐवजी बऱ्याचदा घटतात. त्याची कारणे मांडण्यासाठी आणि काही सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या संस्थांची ही परीक्षा १९८९ पासून सुरू आहे. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग असून शून्य ते नऊ अशा श्रेणीत, अर्ध्या-अर्ध्या टप्प्यांनी गुण मिळतात. लेखन आणि संभाषण या दोन भागांत शब्दसंपत्तीला स्वतंत्र निकष आहे व त्याचा वाटा चौथ्या हिश्श्याचा आहे. उरलेला तीन चतुर्थांश भाग मुद्द्यांची मांडणी, सुसंगती वा ओघ, व्याकरण आणि संभाषणात उच्चार यांचा असतो. हे निकष गुप्त नाहीत. कोणत्या श्रेणीला काय अपेक्षित आहे, याचे तक्ते परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेले आहेत. परीक्षेचे शुल्क सतरा-अठरा हजारांच्या घरात आणि शिकवणीचे पैसे निराळे, एवढा खर्च करणाऱ्या घरातल्या मुलाने हे मोजक्या पानांचे तक्ते वाचलेले नसावेत, याचे मला दर वेळी आश्चर्य वाटते.

त्या तक्त्यांमध्ये एक बारकावा आहे. सहाव्या श्रेणीचा परीक्षार्थी कमी प्रचारातले शब्द वापरण्याचा प्रयत्न करतो, पण त्यात अचूकता कमी पडते. सातव्या श्रेणीचा परीक्षार्थी तसेच शब्द वापरतो, मात्र शैलीची आणि शब्दांच्या सहवासाची, म्हणजे कोणत्या शब्दासोबत कोणता शब्द येतो याची, काहीशी जाण ठेवून. दोघांनाही अवघड शब्द माहीत आहेत. फरक आहे तो शब्द कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, हे ओळखण्याचा. छापील यादी नेमकी हीच गोष्ट शिकवू शकत नाही, कारण तिच्यात शब्दाला शेजारच नसतो.

परिणाम निबंधांत दिसतो. ‘मेनी’ या साध्या शब्दाऐवजी ‘प्लेथोरा’, ‘कॉमन’ऐवजी ‘युबिक्विटस’, आणि कुठल्याही विषयावरच्या निबंधाची सुरुवात ‘इन दिस कंटेम्पररी इरा’ने. विषय वाहतूककोंडीचा असो की वृद्धांच्या संगोपनाचा, पहिले वाक्य तेच. या परीक्षेच्या ‘अ‍ॅकॅडमिक’ प्रकारात लेखनाच्या पहिल्या प्रश्नात बहुधा आलेखाचे वर्णन करायचे असते. समजा, सायकलने कामावर जाणाऱ्यांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेले आहे. यादी पाठ केलेला विद्यार्थी येथे ‘स्कायरॉकेटेड’ लिहितो, कारण यादीत तो शब्द ‘इन्क्रीज्ड’च्या शेजारी, समानार्थी म्हणून छापलेला असतो. एवढ्याशा वाढीला आकाशाला भिडवणारा शब्द वापरला, की परीक्षकाला दोन गोष्टी कळतात: एक, शब्दाची मात्रा या मुलाला ठाऊक नाही, दोन, आलेख त्याने नीट पाहिलेला नाही. ‘रोज स्लाइटली’ (किंचित वाढले) असे दोन साधे शब्द लिहिणारा येथे पुढे जातो. पाठ केलेली वाक्ये प्रशिक्षित परीक्षकाच्या नजरेत लगेच भरतात आणि निकषांमध्येही पाठांतराचा प्रतिकूल उल्लेख आहे, तो वेगळाच.

शब्दांचा सहवास ही बाब मराठी माणसाला खरे तर अपरिचित नाही. आपण शपथ घेतो, पण नवस बोलतो. तसे का, हे कोणी आपल्याला शिकवले नाही. ऐकून आणि वाचून ते अंगवळणी पडले. इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’, निर्णय ‘मेक’ करतात आणि गुन्हा ‘कमिट’. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा ‘देतो’ म्हणून तो इंग्रजीतही ‘गेव्ह द एक्झाम’ लिहितो आणि ब्रिटिश वाचकाला तो परीक्षा घेणारा शिक्षक वाटतो. ‘डिस्कस’नंतर अकारण येणारे ‘अबाउट’, ‘रिसर्च’, ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘इक्विपमेंट’ यांची केलेली अनेकवचने, या चुका ‘प्लेथोरा’ माहीत नसल्याने होत नाहीत. माहीत असलेला शब्द अर्धाच माहीत असल्याने त्या होतात.

इतिहासाची एक आठवण येथे करून देणे अप्रस्तुत होणार नाही. अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई देणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांच्या कितीतरी तुकड्यांनी साडेतीन हजार शब्दांची सुप्रसिद्ध यादी अकारविल्हे पाठ केली. काहींची तर ‘ए’पासून ‘सी’पर्यंतच तयारी उत्तम असे! त्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या असे संदर्भाविना प्रश्न असत, म्हणून त्या पाठांतराला तेव्हा निदान व्यावहारिक अर्थ होता. ऑगस्ट २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार काढून टाकण्यात आले आणि संदर्भातून शब्दार्थ जोखणाऱ्या प्रश्नांवर भर देण्यात आला. आयईएलटीएसमध्ये असे सुटे शब्द विचारण्याची पद्धत नाही. परीक्षा बदलली, यादीचा बाजार मात्र तसाच राहिला.

मग कोणते शब्द शिकावेत? या प्रश्नाचे बऱ्यापैकी भक्कम उत्तर उपलब्ध आहे आणि त्याची सुरुवात, योगायोगाने, आपल्याच उपखंडात झाली. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात अध्यापन करीत असताना बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून मोजक्या शब्दांत मजकूर कसा बसवावा, यावर त्यांनी काम केले. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार सर्वोपयोगी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन येथील विद्यापीठात अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या शाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून, वेस्ट यांच्या सूचीबाहेरचे पण चारही शाखांत पुन्हा पुन्हा येणारे ५७० शब्दगट (एक मूळ शब्द आणि त्याची सारी रूपे मिळून एक गट) निवडले आणि २००० मध्ये ते प्रसिद्ध केले. वेस्ट यांच्या सूचीने अभ्यासविषयक मजकुराचा सुमारे ७६ टक्के भाग व्यापला जातो आणि या ५७० गटांनी आणखी दहा टक्के. कथा-कादंबऱ्यांच्या मजकुरात मात्र या गटांचे प्रमाण जेमतेम १.४ टक्के भरले. शब्दसंपत्ती वाढावी म्हणून केवळ इंग्रजी कादंबऱ्या वाचायला सांगणाऱ्या माझ्या पिढीच्या शिक्षकांनी हा आकडा लक्षात घ्यावा. कादंबरी जरूर वाचावी. तिने वाचनाचा वेग आणि भाषेचा कान येतो, पण परीक्षेत लागणारे अभ्यासविषयक शब्द तिच्यात विरळ भेटतात.

ही सूचीही शेवटी यादीच आहे, असा आक्षेप कोणी घेईल. फरक आहे तो निवडीच्या कसोटीचा. बाजारातली यादी शब्द किती दुर्मीळ आहे हे पाहते, कॉक्सहेड यांची सूची तो किती वारंवार भेटतो हे पाहते. तिच्या पहिल्या भागातले शब्द पाहा: अ‍ॅनलाइज, असेस, अझ्यूम, डिराइव्ह, इंडिकेट, इन्व्हॉल्व्ह, व्हेरी. विद्यार्थी म्हणतात, “सर, हे तर आम्हाला येतात.” अशा वेळी मी ‘व्हेरी’ (बदलणे) या क्रियापदाचा गोतावळा मांडायला सांगतो. व्हेरिएशन, व्हेरिएबल, व्हेरिअन्स आणि इन्व्हेरिएबली यांपैकी नाम कोणते, विशेषण कोणते, प्रत्येकामागे-पुढे कोणते शब्दयोगी पद येते आणि प्रत्येक रूपाचे स्वतःचे एक वाक्य कसे होईल, असे विचारले की बहुतेकांची लेखणी थांबते. प्रगत शब्दसंपत्तीची उणीव येथे असते, आणि ‘युबिक्विटस’ने ती भरून येत नाही.

या शब्दांपैकी बहुसंख्य लॅटिन वा ग्रीक मूळाचे आहेत आणि येथे मराठी माध्यमाच्या मुलांना एक आयती सोय आहे. शाळेत त्यांनी ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द उपसर्गांनी कसे होतात ते शिकलेले असते. ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ट्रान्सफर, इन्फर, कन्फर, प्रिफर हे शब्द याच रीतीने झाले आहेत. उपसर्गांच्या बेरजेने नेमका अर्थ निघेलच असे मात्र नाही, जसा तो ‘प्रहार’ आणि ‘विहार’ यांचाही निघत नाही. धातू हा आठवणीसाठी धरायचा दोर आहे. अर्थासाठी कोश आणि वाक्य हवेच.

आणखी एक भेद शिकवणी वर्ग करीत नाहीत. वाचताना वा ऐकताना ओळखू येणारे शब्द आणि लिहिता-बोलताना हाताशी येणारे शब्द ही दोन निरनिराळी भांडारे आहेत. पॉल नेशन या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कोणाच्या मदतीशिवाय कादंबरी वा वृत्तपत्र वाचायचे तर आठ ते नऊ हजार शब्दगट ओळखीचे असावे लागतात. एवढे शब्द पाठ करून कोणाला येत नाहीत. ते वाचता वाचता, पुन्हा पुन्हा भेटून ओळखीचे होतात. वाचनाच्या प्रश्नपत्रिकेत साठ मिनिटांत चाळीस प्रश्न सोडवायचे असतात आणि उताऱ्यातली गोष्ट प्रश्नात बहुधा वेगळ्या शब्दांत विचारलेली असते. तेथे ओळखीचे भांडार उपयोगी पडते. लिहिताना मात्र त्याच्या कितीतरी लहान, पण पूर्णपणे कह्यात असलेल्या भांडारावर काम भागते. सगळे शब्द एकाच मापाने ‘पाठ करा’ असे सांगणे म्हणजे दोन्हीकडून नुकसान करून घेणे होय.

वाचन कसे करावे, याबद्दल माझा अनुभव असा, की आज अंतराळ, उद्या अर्थसंकल्प असे विखुरलेले वाचण्यापेक्षा एकाच विषयावरचे पाच-सहा लेख सलग वाचणे अधिक फलदायी ठरते, कारण तेच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा भेटतात. आमच्या भागातल्या मुलांना मी पुराचा विषय देतो. ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर त्यांनी पाहिलेला आहे. कोयनेतून होणारा विसर्ग, पाणलोट क्षेत्र, पूररेषा, स्थलांतर, अलमट्टीच्या पाणीपातळीचा वाद हे सारे त्यांना मराठीत मुखोद्गत आहे. त्याच विषयावर इंग्रजी लेख वाचताना डिस्चार्ज, कॅचमेंट, इनन्डेट, डिस्प्लेस, मिटिगेट हे शब्द त्यांच्या आधीच्या ज्ञानावर बसतात. ‘मिटिगेट’सोबत ‘रिस्क’, ‘इम्पॅक्ट’, ‘डॅमेज’ हे शब्द येतात, हे तीन लेखांत तीनदा दिसले की वेगळे शिकवावे लागत नाही. ज्याला विषयच ठाऊक नाही, त्याला शब्द देऊन काय उपयोग?

आठवणीबद्दल थोडे. बहुतेक मुले यादी वाचतात, खाली रेघ ओढतात, पुन्हा वाचतात आणि आता आले असे समजतात. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कार्पिक आणि रॉडिगर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ अशा ४० जोड्या शिकवण्यात आल्या. एकदा आलेला शब्द पुढे फक्त वाचत राहणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे एकतृतीयांश शब्द आठवले; तोच शब्द न पाहता आठवण्याचा सराव करीत राहणाऱ्यांना सुमारे ८० टक्के आठवले. विशेष म्हणजे, आपल्याला किती आठवेल याचा अंदाज सर्वांनी जवळपास सारखाच, निम्म्याच्या आसपास वर्तवला होता. म्हणजे वाचून वाचून आलेला विश्वास फसवा असतो आणि तो फसवा आहे हे ज्याचे त्याला कळत नाही. उपाय स्वस्त आहे: जाड कागदाची चिठ्ठी, एका बाजूला वाक्य व त्यात शब्दाची रिकामी जागा, दुसऱ्या बाजूला शब्द. आलेली चिठ्ठी काही दिवसांनी, न आलेली उद्याच. ज्यांना मोबाइल बरा वाटतो, त्यांच्यासाठी हेच काम करणारी ‘अँकी’सारखी उपयोजने आहेत. चिठ्ठीवर सुटा शब्द आणि मराठी अर्थ लिहू नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

उच्चाराचा प्रश्न आपण फारच हलक्याने घेतो. डोळ्यांना माहीत असलेले कितीतरी शब्द कानांना माहीत नसतात. ‘डेट’ (कर्ज) आणि ‘सटल’ (सूक्ष्म) यांतले अनुच्चारित ‘बी’ मनात उच्चारणाऱ्या मुलाला श्रवणाच्या ध्वनिफितीत ते शब्द आले तरी ओळखू येत नाहीत, आणि ओळखले तरी उत्तरात स्पेलिंग चुकल्यास गुण जातो. ‘फोटोग्राफ’मध्ये पहिल्या अक्षरावर असलेला आघात ‘फटॉग्रफी’मध्ये दुसऱ्यावर सरकतो, मराठीत असा आघात अर्थनिर्णायक नसल्याने आपले त्याकडे लक्ष जात नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश संकेतस्थळांवर विनामूल्य आहेत, त्यांत ध्वनिमुद्रित उच्चार, सोबत येणारे शब्द आणि उदाहरणवाक्ये हे सर्व मिळते.

परिचारिकांबद्दल वेगळे लिहायला हवे. मिरजेला रुग्णसेवेच्या शिक्षणाची मोठी परंपरा आहे आणि येथून शिकलेल्या मुली दूरदूर जातात. ब्रिटनच्या परिचारिका नोंदणी मंडळाला आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात सात, तर लेखनात साडेसहा लागतात. पर्याय म्हणून आरोग्यसेवकांसाठीची ओईटी ही परीक्षाही चालते. ओईटीच्या लेखनात रुग्णाच्या नोंदींवरून १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहायचे असते आणि संभाषणात रुग्णाशी वा त्याच्या नातेवाइकाशी बोलण्याचे दोन प्रसंग असतात. डॉक्टरांना लिहिलेल्या पत्रात ‘हायपरटेन्शन’ योग्य. घाबरलेल्या वृद्ध रुग्णाशी बोलताना ‘हाय ब्लड प्रेशर’ म्हणावे लागते, आणि तसे न म्हणणे हा तेथे दोष ठरतो. आपल्या रुग्णालयात या मुली हे मराठीत रोज सहज करतात: डॉक्टरांशी एका भाषेत, खेड्यातून आलेल्या आजीशी दुसऱ्या भाषेत. शिकवणी वर्ग त्यांना याच्या नेमके उलट, सगळीकडे जड शब्द पेरायला शिकवतो. ज्येष्ठ परिचारिका आत्मविश्वास गमावून बसतात ते यामुळे.

शिक्षणव्यवस्थेचा दोष नाकारता येणार नाही. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. पुढे सेमी-इंग्रजीचे वर्गही गावोगावी सुरू झाले. तरीही दहावी-बारावीपर्यंत मुलांनी स्वतःहून रचलेली इंग्रजी वाक्ये मोजकीच असतात. निबंध मार्गदर्शकातून, पत्र फळ्यावरून, उत्तरे अपेक्षित प्रश्नसंचातून. अशा मुलाने विशीत यादी हाती घेतली, तर नवल नाही. त्याने आजवर शिकलेली हीच एक रीत आहे.

माझ्या सूचना मोजक्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा; त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे जाळे तालुक्यांपर्यंत पसरलेले आहे आणि अनेक ठिकाणी स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिका चालतात. तेथे सामान्य ज्ञानाच्या मार्गदर्शकांच्या रांगेत विद्यार्थ्यांसाठीचा एक चांगला इंग्रजी कोश, एक इंग्रजी दैनिक आणि परीक्षेच्या गुणांकन तक्त्यांची एक छापील प्रत ठेवणे ग्रंथालयांच्या आवाक्यातले आहे. महाविद्यालयांच्या इंग्रजी विभागांनी आठवड्यातून एक तास अंतिम वर्षाच्या मुलांचे निबंध तपासून द्यावेत. निवृत्त शिक्षक त्यासाठी विनामोबदला येतील, निदान आमच्या भागात तरी येतील, असे मी खात्रीने सांगू शकतो.

आपल्या पुरवणीतील चौकटीबाबत एक विनंती. एका अवघड शब्दाऐवजी तेथे आठवड्याला एकच साधा अभ्यासविषयक शब्द घ्यावा, त्याचा गोतावळा, त्याच्यासोबत येणारे दोन-तीन शब्द आणि त्याच दिवशीच्या अंकातल्या एखाद्या बातमीवर आधारलेली दोन इंग्रजी वाक्ये द्यावीत, व पुढच्या आठवड्यात तोच शब्द गाळून रिकाम्या जागेचे वाक्य छापावे. अशा पहिल्या काही चौकटींचा मजकूर तयार करून देण्यास मी आनंदाने तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी प्राध्यापक, मिरज